रांगेचे गणित मांडणारा मास्तर : आग्नर क्रारुप एर्लांग

गोष्ट एका कार्यालयातली आहे. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, तशी कार्यालये गावोगाव आहेत. तेथील साऱ्या नोंदी संगणकावरील डेटाबेसात ठेवलेल्या. सकाळी नऊ वाजता खातेदाराचा क्रमांक घातला की दोन-तीन सेकंदांत त्याची नोंद पडद्यावर येई. तोच क्रमांक, तीच नोंद, पण अकरा ते साडेबाराच्या दरम्यान मागितली तर पाऊण मिनिट लागे. खिडकीपुढची रांग वाढे आणि रांगेतील मंडळी खिडकीमागच्या तरुण कारकुनाकडे अशा नजरेने पाहत, की जणू नोंद त्यानेच खिशात घालून ठेवली आहे. यंत्र जुने झाले असे साहेबांचे मत पडले. पोरगा नवशिका आहे असे हेडक्लार्क अण्णांचे मत पडले. पोराचे मत कोणी विचारले नाही.

मला मात्र तेथे उभ्या उभ्या एका डॅनिश शाळामास्तराची आठवण झाली. संगणक जन्मालाही आला नव्हता तेव्हा तो वारला. परंतु एकच काम दिवसाच्या ठराविक वेळी इतके का रेंगाळते, या प्रश्नाचे उत्तर त्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कागदावर मांडून ठेवले होते. त्याचे नाव आग्नर क्रारुप एर्लांग. गणिताच्या विद्यार्थ्यांना हे नाव एखाद्या सूत्राच्या डोक्यावर भेटते आणि तेथेच राहते. त्या सूत्रामागे एक माणूस होता, त्याचा हा थोडा परिचय.

एर्लांगचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कमधील जटलंड द्वीपकल्पात, लोनबोर्ग नावाच्या खेड्यात झाला. वडील हान्स निल्सेन एर्लांग हे गावचे शाळामास्तर आणि त्याबरोबर चर्चचे कारभारी. आई माग्दालेने ही क्रारुप घराण्यातली. या घराण्याच्या पूर्वजांत थोमास फिंके हा गणिती होऊन गेला होता. त्रिकोणमितीत आपण टँजंट आणि सीकंट हे जे शब्द वापरतो ते रूढ करणारा तोच. रक्तात गणित असते की नाही हा वाद बाजूला ठेवू, पण घरात पुस्तके होती एवढे खरे. आग्नरच्या थोरल्या भावाचे नाव फ्रेडरिक. संध्याकाळी दोघे भाऊ एकच पुस्तक मध्ये ठेवून समोरासमोर बसत. पुस्तक सरळ असे ते थोरल्याच्या बाजूने. धाकट्याला उलटी अक्षरे वाचावी लागत, आणि ती तो बिनदिक्कत वाची. घरात एकच पाठ्यपुस्तक असलेल्या आपल्याकडील कितीतरी भावंडांना ही गोष्ट मुळीच नवलाची वाटणार नाही.

लहानपणी त्याला गणिताहूनही अधिक वेड होते ते खगोलशास्त्राचे. ग्रहताऱ्यांवर तो कविता करी. चौदाव्या वर्षी तो कोपनहेगन विद्यापीठाच्या प्राथमिक परीक्षेस बसला. वय कमी म्हणून खास परवानगी काढावी लागली आणि पोरगा विशेष प्रावीण्याने उत्तीर्ण झाला. परंतु लगेच पुढे शिकायला जाणे घडले नाही. दोन वर्षे तो वडिलांच्याच शाळेत साहाय्यक शिक्षक होता आणि उरलेल्या वेळात फ्रेंच व लॅटिन शिकत होता. पुढे १८९६ साली हिलेरोड येथील शाळेतून विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा देऊन शिष्यवृत्तीवर तो कोपनहेगनला गेला. १९०१ साली गणित हा मुख्य विषय आणि पदार्थविज्ञान, खगोल व रसायन हे जोडविषय घेऊन त्याने पदवी मिळवली.

त्यानंतरची सात वर्षे मास्तरकीची. निरनिराळ्या शाळांतून तो शिकवीत होता. मध्येच १९०४ साली विद्यापीठाने लावलेल्या निबंधस्पर्धेत, ह्यूजेन्स या जुन्या गणितज्ञाच्या पद्धतीवर लिहिलेल्या त्याच्या प्रबंधास गौरव मिळाला. पण त्यामुळे नोकरी बदलली नाही. त्याची गाडी रुळावरून दुसऱ्या रुळावर गेली ती गणितप्रेमी मंडळींच्या सभांमुळे. डॅनिश गणितज्ञांच्या संघटनेच्या बैठकांना तो जाई आणि तेथे योहान येन्सेन यांची गाठ पडे. येन्सेन यांची असमानता आपल्या बी.एस्सी.च्या मुलांना ठाऊक आहे. पण हा मनुष्य पोटासाठी प्राध्यापक नव्हता, तर कोपनहेगन टेलिफोन कंपनीचा प्रमुख अभियंता होता. त्यांनी एर्लांगची ओळख कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक योहानसेन यांच्याशी करून दिली. योहानसेन यांनी स्वतः १९०७ साली टेलिफोनवर थांबावे लागणारा वेळ आणि कॉलची संख्या यांवर निबंध लिहिलेला होता. असा संचालक आणि असा अभियंता एकाच कंपनीत असणे हा योग विरळाच म्हणायचा. १९०८ साली तिशीतला एर्लांग मास्तरकी सोडून कंपनीत रुजू झाला आणि पुढे तिच्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला.

कंपनीपुढची अडचण कोणती होती हे समजण्यासाठी त्या काळचे एक्स्चेंज डोळ्यांपुढे आणले पाहिजे. भिंतीएवढा फलक, त्यावर शेकडो भोके, आणि समोर कानाला यंत्र लावून बसलेल्या मुली. ग्राहकाने फोन उचलला की फलकावर खूण होई. मुलीने ती पाहून दोरीचे टोक योग्य भोकात खुपसले की जोडणी होई. एका जोडणीचे काम काही सेकंदांचे. तरीही दिवसातल्या काही तासांना ग्राहकाला ताटकळावे लागे, आणि ताटकळणाऱ्याला दिसते ती आळशी मुलगी, तिच्यापुढे तुंबलेले कॉल दिसत नाहीत. आपल्याकडे ट्रंक कॉल नोंदवून दिवसभर वाट पाहिलेली पिढी अद्याप आहे. पुढे एसटीडी आली आणि रात्री उशिरा दर उतरू लागले तेव्हा काय झाले, हेही तिने पाहिले आहे. दिवसा ओस पडलेल्या बूथपुढे रात्री रांगा लागत. गर्दी नाहीशी झाली नव्हती, ती घड्याळात दुसरीकडे जाऊन बसली होती.

कंपनीला हिशेब हवा होता तो असा. किती मुली बसवल्या आणि किती तारा ओढल्या म्हणजे ग्राहक फार ताटकळणार नाही? पुष्कळ बसवल्या तर त्या रिकाम्या बसतात, थोड्या बसवल्या तर शहर ओरडते. साधा त्रैराशिकाचा हिशेब येथे फसतो. तासात १०० कॉल येतात, एका मुलीच्याने १०० होतात, म्हणजे एक मुलगी पुरे, असा तो हिशेब. पण कॉल काही शिपायासारखे एकामागून एक ठरल्या अंतराने येत नाहीत. पाच मिनिटे एकही येत नाही आणि मग एका मिनिटात सात येतात. रिकामी गेलेली पाच मिनिटे साठवून ठेवता येत नाहीत, तुंबलेले सात मात्र पुढच्यांच्या बोकांडी बसतात.

एर्लांगने १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात पहिले पाऊल टाकले. कॉल एकमेकांची पर्वा न करता आपापल्या इच्छेने येत असतील, तर ठराविक वेळात किती कॉल येतील याची संभाव्यता प्वासाँच्या नियमाने चालते, हे त्याने दाखवून दिले. प्रत्येक कॉलला सारखाच वेळ लागतो असे धरून थांबण्याचा काळ किती, हेही मांडले. मोठे पाऊल पडले १९१७ साली. एव्हाना स्वयंचलित एक्स्चेंजचे दिवस आले होते. सगळ्या तारा गुंतलेल्या असल्याने कॉल परत फिरण्याची शक्यता किती, याचे सूत्र आणि परत न फिरता रांगेत थांबला तर किती थांबेल याचे सूत्र, अशी दोन्ही या निबंधात आहेत.

सूत्रे छापून वाचकांना भिववण्याचा विचार नाही. त्यातली एक गोष्ट मात्र आकड्यांनीच सांगितली पाहिजे. आमच्या कार्यालयातले उदाहरण घेऊ. एका क्वेरीचे खरे काम दोन सेकंदांचे आहे, काम करणारा एकच, आणि क्वेऱ्या अनियमितपणे येतात व लांबीलाही कमीजास्त आहेत, असे धरा. यंत्र निम्मा वेळ कामात असेल तर विचारल्यापासून उत्तर येईपर्यंत सरासरी ४ सेकंद लागतात. यंत्र शंभरात ८० भाग कामात असेल तर १० सेकंद. ९० भाग असेल तर २०. ९५ भाग असेल तर ४०. पुन्हा पाहा. ८० वरून ९० वर जाताना काम वाढले अवघे एक अष्टमांश आणि ताटकळणे झाले दुप्पट. ९० वरून ९५ वर जाताना काम त्याहून कमी वाढले आणि ताटकळणे पुन्हा दुप्पट. क्वेरीचे काम शेवटपर्यंत दोन सेकंदांचेच होते, बाकीचे अडतीस सेकंद ती नुसती उभी होती. सकाळी नऊला चपळ असणारे यंत्र अकराला म्हातारे होत नाही. ते चढाच्या शेवटच्या टप्प्यावर पोचलेले असते, आणि तेथे चार माणसे वाढली तरी पुरते.

म्हणूनच टेलिफोनवाल्यांनी दिवसाच्या सरासरीवर विश्वास ठेवणे सोडले आणि सर्वांत गर्दीचा तास वेगळा काढून त्याच्यावर गणित बसवले. चोवीस तासांची सरासरी काढली तर आमच्या कार्यालयातला संगणक बिचारा अर्धाअधिक काळ झोपलेलाच निघेल. त्या सरासरीचा तक्ता साहेबांपुढे ठेवला, की अण्णांचे मत सिद्ध झालेच.

दुसरी एक गोष्ट एर्लांगच्या सूत्रातून निघते, ती मला अधिक सुंदर वाटते. तासात तीन मिनिटांचे वीस कॉल आले तर ते ६० मिनिटांचे, म्हणजे एका तारेला तासभर पुरेल एवढे काम झाले. एवढ्या कामाला एकच तार दिली तर निम्मे कॉल परत फिरतात. याच्या दसपट कामाला सामायिक दहा तारा दिल्या तर शंभरात २१ फिरतात. शंभरपट कामाला शंभर तारा दिल्या तर ८ देखील फिरत नाहीत. प्रत्येक तारेमागे काम तेवढेच, तरी वाटून घेतल्याने नुकसान घटते. ज्या कचेरीत दहा खिडक्यांना दहा वेगळ्या रांगा लावतात आणि ज्या कचेरीत दहा खिडक्यांना मिळून एकच रांग असते, त्यांतला फरक पाहिला की ही गोष्ट सूत्राशिवाय पटते.

हा सर्व विचार खोलीत बसून झाला असे मात्र समजू नये. सुरुवातीस प्रयोगशाळेत त्याच्या हाताखाली माणसेच नव्हती. जमिनीखालील केबलमध्ये शिरणाऱ्या भटक्या विजेची मोजमापे त्याला स्वतः करावी लागत. कोपनहेगनच्या रस्त्यांवरून हा गणिती चालला आहे आणि मागून एक कामगार खांद्यावर शिडी घेऊन येतो आहे, असे दृश्य लोकांना नेहमीचे झाले होते. ती शिडी मॅनहोलमध्ये उतरवायची आणि मोजणीसाठी खाली जायचे. विद्युत्‌ मापनासाठी त्याने एक उपकरणही तयार केले, आणि गणिताची चार अंकी कोष्टके प्रसिद्ध केली. पदवीधर झाल्यावर हात मळवणे कमीपणाचे मानणाऱ्यांनी ही शिडी ध्यानात ठेवायला हरकत नाही.

त्याचे लेखन आखूड असे, काही वेळा सिद्धताही तो देत नसे. वाचणाऱ्याने वाटेल तेवढे डोके खाजवावे! तरी त्या लेखांची भाषांतरे इंग्रजी, फ्रेंच, जर्मनमध्ये झाली. ब्रिटिश पोस्ट खात्याने आपल्या टेलिफोन तारांचा हिशेब त्याच्या सूत्रावर बसवला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतला एक संशोधक तर मूळ लेख वाचता यावेत म्हणून डॅनिश भाषा शिकला. पन्नास लाख लोकही न बोलणाऱ्या भाषेत लिहिलेला निबंध वाचायला जग त्या भाषेपर्यंत चालत आले. दोन भाषांत निघणाऱ्या या अंकाच्या वाचकांना यात गंमत वाटावी.

एर्लांगने लग्न केले नाही. पगाराचा पैसा पुस्तकांत जाई. गणित, खगोल आणि पदार्थविज्ञान यांचा मोठा संग्रह त्याने जमवला होता. उरलेला कोठे जाई हे प्रयोगशाळेच्या दाराशी येणाऱ्या गरजूंना ठाऊक होते. अडलेला मनुष्य तेथे येई, आणि एर्लांग गाजावाजा न करता त्याच्या हातावर काही ठेवी. जवळजवळ वीस वर्षांच्या नोकरीत आजारपणासाठी त्याने रजा घेतली नव्हती. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी तो रुग्णालयात गेला आणि रविवार, ३ फेब्रुवारी रोजी तेथेच वारला. वय ५१ वर्षांचे.

त्याच्या मागे त्याचा विषय वाढतच राहिला. प्रत्येक कामाला लागणारा वेळ जितका विषम तितके ताटकळणे जास्त, हे १९३० च्या सुमारास पोलाचेक आणि खिंचिन यांनी पक्के केले. यंत्र ९० भाग कामात असताना सर्व क्वेऱ्या सारख्या दोन सेकंदांच्या असतील तर रांगेतले थांबणे सरासरी ९ सेकंद, आणि वर धरल्याप्रमाणे लहानमोठ्या मिसळलेल्या असतील तर १८. पुढे १९४६ साली आंतरराष्ट्रीय टेलिफोन समितीने वाहतूक मोजण्याच्या एककाला एर्लांग हे नाव दिले, आणि १९४८ साली कोपनहेगनच्या कंपनीने त्याचे चरित्र व लेख एकत्र छापले. १९६० नंतर एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत आली, तेव्हा टेलिफोनचे हे गणित जवळजवळ जसेच्या तसे संगणकाच्या कामी आले. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८६ साली टेलिफोन एक्स्चेंजसाठी जी संगणकभाषा तयार होऊ लागली, तिचेही नाव एर्लांगच.

आता त्या कार्यालयाकडे वळू. मी साहेबांना एवढेच सुचवले, की नवीन यंत्राची मागणी एक आठवडा थांबवावी आणि त्या आठवड्यात दर पंधरा मिनिटांनी एकच ठराविक क्वेरी चालवून वेळ लिहून ठेवावा. सोबत आणखी एक नोंद घ्यावी. आजचे डेटाबेस कोणती क्वेरी कशासाठी थांबली हे स्वतःच सांगतात : प्रोसेसरसाठी, डिस्कसाठी, की दुसऱ्याने अडवून ठेवलेल्या नोंदीसाठी. काम किती आणि थांबणे किती हे वेगळे केल्यावाचून कोणाला दोष द्यायचा हे ठरत नाही. कारकुनाने वही घातली. पोराचे अक्षर सुरेख होते.

वहीत पहिले लक्षात आले ते हे, की वेग हळूहळू मंदावत नव्हता. अकराला दोन-चार मिनिटे कमी असेपर्यंत सारे ठीक, आणि अकराच्या ठोक्याला एकदम घसरण. माणसांची गर्दी अशी घड्याळ लावून येत नाही. शनिवारी खिडकी बंद असताना कारकुनाने मुद्दाम येऊन पाहिले, तरीही अकराला तीच घसरण, फक्त थोडी उथळ. म्हणजे गर्दी हे निम्मे कारण होते, आणि दुसरे निम्मे कोणीतरी वेळ ठरवून लावलेले काम होते. प्रोसेसर फारसा दमलेला नव्हता, क्वेऱ्या थांबत होत्या त्या डिस्कसाठी. शोध घेता सापडले ते असे. साहेबांच्या टेबलावर दुपारी जेवणापूर्वी दैनिक अहवाल यावा म्हणून कोणे एके काळी एक कार्यक्रम रोज अकराला सुरू होईल असा लावलेला होता. पहिल्या वर्षीच्या नोंदीपासून कालच्या नोंदीपर्यंत सगळी चळत तो रोज उलथीपालथी करी. नोंदी थोड्या होत्या तोवर ते कोणाला जाणवले नाही. ऐन गर्दीच्या रांगेत दोन सेकंदांच्या माणसांपुढे हा दीड तासाचा पाहुणा उभा राहत होता.

बुधवारी मात्र डिस्क मोकळी असतानाही पावणेबाराला सगळे ठप्प झाले होते. त्याचे कारण निराळे निघाले. आतल्या टेबलावर कोणी एक नोंद दुरुस्तीसाठी उघडली आणि ती तशीच ठेवून चहाला गेले. त्या नोंदीला हात लावू पाहणारी प्रत्येक क्वेरी चहा संपेपर्यंत उभी राहिली. वहीत त्या ओळीसमोर नाव लिहिलेले नव्हते, पण अण्णा ती ओळ वाचून बराच वेळ गप्प होते.

अहवाल आता संध्याकाळी साडेसहाला निघतो आणि साहेबांना तो दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतो. अकराला नोंद यायला पाच-सहा सेकंद लागतात. नऊच्या एवढी ती चपळ झालेली नाही, कारण माणसे अजून अकरालाच येतात. नवीन यंत्राची मागणी फाइलीतच आहे. तक्रार उरली आहे ती एकट्या शिपायाची. अहवाल छापून होईपर्यंत त्याला कुलूप लावता येत नाही.